खिशातला खेळ आणि खेळणाऱ्याचा वेळ



गेल्या उन्हाळ्यात बडोद्याहून मुंबईस जाताना रेल्वेच्या डब्यात एक साधाच प्रसंग माझ्या पाहण्यात आला. समोरच्या बाकावर साठी ओलांडलेल्या एक आजीबाई आणि त्यांचा दहा-अकरा वर्षांचा नातू बसले होते. दोघांच्या मध्ये एकच मोबाईल ठेवलेला, आणि त्यावर लुडोचा डाव रंगला होता. फासा टाकायचा, सोंगटी पुढे सरकवायची आणि मोबाईल दुसऱ्याकडे वळवायचा. "आजी, आता तुझी पाळी," असे नातवाने म्हणावे, आणि आजीबाईंनी चष्मा सावरून बोट टेकवावे. स्टेशन आले की डाव बाजूला राही, चहा घेतला जाई, आणि गाडी हलली की सोडला होता तेथूनच तो पुन्हा सुरू होई.

त्याच डब्यात खिडकीशी एक तरुण बसला होता. त्याच्याही हातात मोबाईल होता आणि तोही खेळतच होता. परंतु त्याच्या कपाळावरच्या आठ्या काही केल्या सरत नव्हत्या. डाव ऐन रंगात आला की मध्येच जाहिरात येई. ती बंद करण्याची फुली इतकी बारीक की त्याचे बोट हमखास शेजारी पडे आणि भलतेच काही उघडे. शेवटी मोबाईल खिशात टाकीत तो मला म्हणाला, "काका, पाच मिनिटांसाठी म्हणून उघडला होता, सुरत कधी मागं पडलं कळलंच नाही. आणि मजा म्हणाल तर तीही आली नाही."

एकाच डब्यात, एकाच तऱ्हेच्या यंत्रावर, एकाच वेळी दोन माणसे खेळतात. एकास विरंगुळा मिळतो आणि दुसऱ्यास मनस्ताप. हा फरक कोठून येतो? तो नशिबाचा नाही, आणि वयाचाही नाही. तो खेळाच्या रचनेचा आहे. खिशात मावणाऱ्या खेळांचा इतिहास आता चार दशकांहून अधिक जुना झाला आहे, आणि खेळ चांगला कशाने होतो या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच सापडते. मला ते चार शब्दांत सांगता येईल असे वाटते: हात, बुद्धी, डोळा आणि वेळ. ज्या रचनाकाराने खेळणाऱ्याच्या या चारही गोष्टींची बूज राखली, त्याचा खेळ आनंद देऊन गेला. आज आपण हाच इतिहास थोडक्यात पाहू.

खेळ बरोबर नेण्याची हौस माणसास फार जुनी आहे. आपल्याकडचा सारीपाट कापडाचा असे. घडी घातली की तो बोचक्यात मावे, आणि फाशांऐवजी चार कवड्या असल्या तरी काम भागे. प्रवासाला निघालेल्या माणसाजवळ जागा थोडी, उजेड बेताचा आणि वेळ तुकड्यातुकड्यांचा असतो, हे त्या अज्ञात कारागिरांनी ओळखले होते. यंत्राच्या युगात हीच ओळख नव्याने करून घ्यावी लागली, आणि ती करून देण्याचा पहिला मान बव्हंशी एका जपानी गृहस्थाकडे जातो.

त्यांचे नाव गुनपेई योकोई. क्योतो येथील निन्टेंडो ही कंपनी १८८९ साली हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनविण्यासाठी निघाली होती. योकोई तेथे १९६५ साली नोकरीस लागले, ते यंत्रांची देखभाल करण्याच्या कामावर. रिकाम्या वेळात खेळणी तयार करण्याचा त्यांना नाद होता, आणि तो मालकांच्या नजरेस येताच त्यांना तेच काम मिळाले. पुढे एकदा जपानच्या अतिवेगवान आगगाडीतून प्रवास करताना त्यांनी एक कंटाळलेला प्रवासी पाहिला. तो खिशातील गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसला होता. ज्या माणसाला वेळ घालविण्यासाठी आकडेमोडीचे यंत्रही पुरते, त्याच्यासाठी तेवढेच लहान खेळाचे यंत्र का असू नये, असा विचार योकोईंच्या मनात आला.

त्यातून १९८० साली 'गेम अँड वॉच' ही खेळण्यांची मालिका जन्मास आली. गणकयंत्रात असतो तसलाच पडदा, तसलेच चपटे बटणासारखे विद्युतघट, दोन कळा आणि कोपऱ्यात घड्याळ. गणकयंत्रांच्या स्पर्धेमुळे हे पडदे तोवर स्वस्त झाले होते, आणि योकोईंनी नेमका त्याचाच उपयोग करून घेतला. अगदी नव्या, महागड्या तंत्रामागे धावण्यापेक्षा जुने, कसाला लागलेले तंत्र घ्यावे आणि त्याचा नव्या ठिकाणी उपयोग करावा, हे त्यांचे आयुष्यभराचे सूत्र होते. या मालिकेतील चार कोटींहून अधिक यंत्रे पुढे जगभर विकली गेली.

हाताची बूज म्हणजे काय, हे त्यांच्या १९८२ सालच्या एका यंत्राने दाखविले. घडी घालून मिटता येईल असा 'डाँकी काँग'चा खेळ त्यांना करावयाचा होता. उभा दांडा लावला तर घडी मिटणार नाही, आणि चार दिशांना चार सुट्या कळा दिल्या तर खेळताना सारखे खाली पाहावे लागेल. योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराची एकच चपटी कळ बसविली. अंगठा एकदा तिच्यावर टेकला की वर, खाली, डावे, उजवे या चारही दिशा न पाहता कळतात. ही कळ पुढे इतकी रूढ झाली की आजही खेळण्याच्या बहुतेक यंत्रांवर तिची वंशज आढळते. खेळणाऱ्याची नजर खेळावर राहावी, कळ शोधण्यात जाऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता.

१९८९ साली योकोईंच्या हाताखाली 'गेम बॉय' तयार झाला. त्याचा पडदा हिरवट आणि त्यावर करड्या रंगाच्या अवघ्या चार छटा. त्याच वर्षी अटारी कंपनीने 'लिंक्स' नावाचे रंगीत पडद्याचे यंत्र बाजारात आणले. दोन्ही शेजारी ठेवली असती तर कोणीही लिंक्सच उचलले असते. परंतु लिंक्सला सहा बॅटऱ्या लागत आणि त्या चार-पाच तासांत संपत. गेम बॉय चार बॅटऱ्यांवर दहा-पंधरा तास सहज चाले. मुलांच्या हातून तो पडला तरी बहुधा शाबूत राही. दुकानाच्या काचेआड जे यंत्र देखणे दिसत होते ते मागे पडले आणि प्रवासात शेवटपर्यंत साथ देणारे पुढे गेले. गेम बॉय आणि त्याची पुढची रंगीत आवृत्ती मिळून जगात अकरा कोटींहून अधिक नग खपले. आजच्या मोबाईलवरील जो खेळ तासाभरात बॅटरी रिकामी करतो आणि हात भाजेल इतके यंत्र तापवितो, त्याच्या कर्त्यांनी ही जुनी हकीकत अवश्य वाचावी.

आता बुद्धीकडे वळू. गेम बॉयच्या यशात ज्या खेळाचा मोठा वाटा होता तो जपानात नव्हे, तर मॉस्कोत जन्मला होता. सोव्हिएट विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजितनोव यांनी १९८४ साली 'टेट्रिस' रचला. त्यांच्यापुढील 'इलेक्ट्रॉनिका ६०' या संगणकाला चित्रे काढताच येत नसत. म्हणून त्यांनी चौकोनांच्या ऐवजी कंसाची चिन्हे वापरली. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून खाली येतात, ते फिरवून बसवायचे, आणि आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. एवढाच खेळ.

टेट्रिस शिकविण्यासाठी पुस्तक लागत नाही आणि भाषाही लागत नाही. पहिला तुकडा खाली पडला, दुसरा त्याच्याशेजारी बसला, एक ओळ नाहीशी झाली, की मॉस्कोतील गणिती आणि आपल्या गल्लीतील शाळकरी मुलगा दोघांनाही नियम सारखाच समजतो. आरंभी तुकडे संथ येतात. हात बसला की वेग वाढतो. पुढचा तुकडा कोणता हे बाजूला दिसते, त्यामुळे हार झाली तरी ती अन्यायाने झाली असे वाटत नाही. आपलीच चूक झाली, पुढच्या डावात ती सुधारू, असे वाटून माणूस पुन्हा खेळू लागतो. हेंक रॉजर्स नावाचे व्यावसायिक १९८९ साली मॉस्कोस गेले आणि हाती धरण्याच्या यंत्रांसाठी या खेळाचे हक्क त्यांनी मिळविले. गेम बॉयबरोबर दुसरा खेळ दिलात तर तो मुले घेतील, टेट्रिस दिलात तर सर्वच घेतील, असे त्यांचे म्हणणे होते. अमेरिकेत टेट्रिस गेम बॉयबरोबरच दिला गेला, आणि त्यांचे म्हणणे खरे ठरले.

याची शास्त्रीय बाजूही आहे. मिहाय चिक्सेंटमिहाई या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मन एखाद्या कामात तल्लीन केव्हा होते याचा विचार मांडला. काम आपल्या कुवतीपेक्षा फार सोपे असेल तर कंटाळा येतो. फार अवघड असेल तर चिंता वाटते. आणि दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत ती तल्लीनता लाभते, असा त्यांचा सिद्धांत. चांगला खेळ खेळणाऱ्यास या पट्टीवरून चालवितो. त्याची कुवत वाढेल तसे आव्हानही वाढवितो, पण एका पायरीहून अधिक नव्हे. गवयास ताना शिकविणारा गुरू काय किंवा आखाड्यातला वस्ताद काय, दोघेही दुसरे काय करतात?

येथपर्यंतचे खेळ खेळण्यासाठीच घेतलेल्या यंत्रांवर होते. टेलिफोनवरच्या खेळाने जम बसविला तो १९९७ सालापासून. फिनलंडमधील नोकिया कंपनीचे अभियंते तानेली आर्मान्टो यांनी 'नोकिया ६११०' या फोनसाठी 'स्नेक' म्हणजे सापाचा खेळ लिहिला. कल्पना नवी नव्हती. वाढत जाणारी रेषा चुकवीत पुढे न्यायची, असा खेळ अमेरिकेत १९७६ साली 'ब्लॉकेड' या नावाने आला होता. परंतु आर्मान्टो यांच्यापुढचा पडदा होता रुंदीला ८४ आणि उंचीला ४८ ठिपक्यांचा, आणि कळा होत्या टेलिफोन लावण्याच्या. दोन, चार, सहा आणि आठ हे आकडे आधीच वर, डावे, उजवे, खाली असे मांडलेले असतात. तेच सापाच्या चार दिशा झाले. जे हातात आहे त्यातूनच खेळ काढावयाचा, हे येथेही दिसते.

आर्मान्टो यांनी आणखी एक लहानशी गोष्ट केली, आणि मला ती फार मोलाची वाटते. साप जोरात धावू लागला की भिंतीपाशी वळण घेणे कठीण होई आणि क्षणाच्या उशिराने डाव संपे. तेव्हा भिंतीवर आदळण्यापूर्वी काही सहस्रांश सेकंदांची सवलत त्यांनी खेळात गुपचूप घातली. खेळणाऱ्यास ती दिसत नाही. त्याला वाटते, थोडक्यात बचावलो! माणसाचा अंगठा यंत्राइतका चपळ नसतो, हे जाणून दाखविलेली ही दया आहे. आपल्याकडे लाखो लोकांच्या हाती मोबाईल प्रथम आला तो याच सुमारापासून पुढील काही वर्षांत, आणि बसच्या रांगेत, दवाखान्याच्या बाकावर, रात्रपाळीच्या खुर्चीत सापाचा खेळ खेळणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. हाक आली की फोन खिशात टाकता येई, आणि त्यात गमावण्यासारखे काही नसे.

यानंतर कळाच नाहीशा झाल्या. ९ जानेवारी २००७ रोजी ॲपल कंपनीने आयफोन जाहीर केला आणि जुलै २००८ मध्ये त्यावरील अ‍ॅपचे दुकान उघडले. त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोनही आला. आता यंत्राचे सारे अंग म्हणजे एक गुळगुळीत काच. योकोईंची कळ अंगठ्यास न पाहता सापडे; काचेवर बोटाला काहीच लागत नाही. शिवाय ज्या पडद्यावर पाहावयाचे त्याच पडद्यावर बोट ठेवावयाचे, म्हणजे बोटाखाली चित्र झाकले जाणार. आरंभीच्या अनेक खेळांनी काचेवर जुन्या कळांची चित्रे काढली आणि खेळणाऱ्यांची पुरती पंचाईत केली.

डोळ्याची आणि बोटाची ही अडचण समजून घेण्यास एक जुने संशोधन कामी येते. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५४ साली एक नियम मांडला. एखाद्या ठिकाणी हात नेण्यास किती वेळ लागेल हे ते ठिकाण किती दूर आहे आणि किती रुंद आहे यांवर अवलंबून असते. लक्ष्य जितके दूर आणि जितके बारीक, तितका वेळ अधिक आणि चूकही अधिक. तेव्हा मोबाईलचा कोणाच्या स्वप्नातही विचार नव्हता, पण काचेवरील प्रत्येक कळीला आज हा नियम लागू पडतो. मोबाईल बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या म्हणूनच रचनाकारांना कळीचा किमान आकार नेमून देतात. आमच्या डब्यातील त्या तरुणाची बारीक फुली आठवा. जी कळ वारंवार लागते ती मोठी आणि अंगठ्याजवळ असावी, हे ज्यास ठाऊक असते, त्यास जी कळ सापडू द्यावयाची नाही ती बारीक आणि कोपऱ्यात कशी ठेवावी, हेही ठाऊक असतेच. विद्या एकच, हेतू दोन.

काचेस साजेसा खेळ कसा असावा, याचे उत्तर फिनलंडच्याच रोव्हिओ कंपनीने डिसेंबर २००९ मध्ये दिले. 'अँग्री बर्ड्स' हा त्यांचा पहिला प्रयत्न नव्हता. त्यापूर्वी त्यांनी पन्नासाहून अधिक खेळ केले होते. या खेळात पडद्यावर एक गलोल दिसते आणि तिच्यावर एक पाखरू बसलेले असते. गलोल दिसली की ती मागे ओढावी हे जगात कोणासही सांगावे लागत नाही. बोटाने ओढायचे, सोडायचे, आणि समोरचे लाकडी मनोरे कोसळताना पाहायचे. येथे कळ आणि खेळ वेगळे उरलेच नाहीत. मागच्या फेकीचा मार्ग ठिपक्यांनी दिसत राहतो, त्यामुळे पुढची फेक कशी सुधारावी हे आपोआप कळते. नेम चुकला तर त्याच क्षणी पुन्हा आरंभ करता येतो. एकेक डाव मिनिटा-दोन मिनिटांचा. बस येईपर्यंत एक संपतो.

याच मार्गाने पुढे अनेक चांगले खेळ झाले. बोटाच्या एका रेघेने फळे कापण्याचा 'फ्रूट निन्जा' २०१० साली ऑस्ट्रेलियातून आला. लंडनमधील 'अस्ट्वो' या मंडळीने २०१४ साली 'मॉन्युमेंट व्हॅली' रचला. त्यातील अशक्य वाटणाऱ्या इमारती फिरवीत एका राजकन्येस वाट काढून द्यावी लागते. तो दोन-एक तासांत संपतो, आणि संपतो म्हणूनच लक्षात राहतो. डोळ्याची बूज राखण्याचे आणखी एक साधे उदाहरण म्हणजे २०१२ सालचा 'कँडी क्रश सागा'. त्यातील गोळ्यांचे केवळ रंगच नव्हेत, आकारही निरनिराळे आहेत. ज्यास तांबडे आणि हिरवे यांतील भेद नीट दिसत नाही, तोही आकार पाहून खेळू शकतो. असे रंगांधत्व पुरुषांमध्ये मुळीच दुर्मीळ नाही.

मात्र 'कँडी क्रश'चे नाव घेतले की आपण चौथ्या गोष्टीपाशी, म्हणजे वेळेपाशी येतो. आरंभी खेळ एकदाच विकत घेतला जाई. त्यामुळे तो विकल्यानंतर तुम्ही पाच मिनिटे खेळा की पाच तास, कर्त्यास त्याचे सोयरसुतक नसे. ऑक्टोबर २००९ पासून ॲपलने फुकट मिळणाऱ्या अ‍ॅपच्या आतही वस्तू विकण्यास मुभा दिली. तेव्हापासून खेळ फुकट आणि खेळणाऱ्याचा वेळ हेच भांडवल, असा व्यवहार सुरू झाला. 'कँडी क्रश'मध्ये पाच प्राण मिळतात. ते संपले की अर्ध्या तासाने एक प्राण परत येतो. तोवर थांबा, मित्राकडे मागा किंवा पैसे मोजा. या योजनेकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. ज्यास थांबावयाचे आहे त्यास ती थांबविते, हे खरे. आणि ज्यास थांबवत नाही त्याच्यापुढे ती दुकान मांडते, हेही तितकेच खरे.

माणसास थांबवत नाही ते का, याचेही उत्तर शास्त्राने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली बक्षिसांच्या वेळापत्रकांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कबुतराने कळ टोचली की ठरलेल्या वेळी दाणा मिळत असेल तर ते सावकाश टोचते. पण दाणा कितव्या टोचणीस मिळेल याचा नेमच नसेल, तर ते विसावा न घेता टोचीत राहते. जुगाराची यंत्रे याच तत्त्वावर चालतात. बंद पेटीत काय निघेल हे ठाऊक नसताना ती पैसे देऊन उघडावयास लावणारे मोबाईलवरचे खेळही याहून निराळे नाहीत. बेल्जियमच्या जुगार नियंत्रकांनी २०१८ साली अशा पेट्यांना जुगारच ठरविले, ते उगाच नव्हे.

या सर्व इतिहासात मला जी घटना सर्वांत विचार करावयास लावते ती व्हिएतनाममधील आहे. हनोईच्या डाँग न्गुयेन या तरुणाने २०१३ साली 'फ्लॅपी बर्ड' नावाचा लहानसा खेळ एकट्याने केला. बोट टेकले की पाखरू वर उडते, न टेकले तर खाली येते, आणि नळ्यांच्या मधल्या फटीतून त्यास न्यावयाचे. खेळ भलताच अवघड होता. २०१४ च्या आरंभी तो अकस्मात जगभर पसरला आणि जाहिरातींपासून दररोज सुमारे ५०,००० डॉलर मिळू लागल्याचे वृत्त आले. आणि त्याच फेब्रुवारीत न्गुयेन यांनी तो खेळ स्वतःच दुकानातून काढून टाकला. विसाव्याच्या वेळी चार मिनिटे खेळावा म्हणून आपण तो केला, पण लोकांना त्याचे व्यसन लागले. तेव्हा यावर उपाय म्हणून तो काढून टाकणेच बरे, असे कारण त्यांनी सांगितले. त्यांचा निर्णय योग्य होता की नाही यावर वाद झाला. परंतु आपल्या कृतीचा दुसऱ्याच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, हे पाहून चालता गल्ला बंद करणारा कारागीर रोज भेटत नाही.

आता पुन्हा आजीबाईंच्या लुडोकडे येऊ. लुडो हा आपल्या पचिशीचाच इंग्रजी अवतार; १८९६ साली इंग्लंडमध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. परत येऊन त्याने मोबाईलवर जे रूप घेतले, त्यांतील सर्वांत लोकप्रिय 'लुडो किंग' हे नवी मुंबईत तयार झाले. विकाश जयस्वाल यांच्या 'गेमेशन' या कंपनीने ते २०१६ साली आणले. इंटरनेट नसले तरी ते चालते. एकच फोन हातोहात फिरवीत घरातील मंडळी खेळू शकतात. आणि दूर असलेल्यांना नेटवरून एकत्र बसता येते. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत मार्चपासून घरोघर दारे बंद झाली, तेव्हा एका गावी अडकलेला मुलगा आणि दुसऱ्या गावी असलेले आईवडील रात्री जेवणानंतर याच पटावर भेटत. महाराष्ट्रापासून दूर, चार दिशांना पांगलेल्या आपल्यासारख्या कुटुंबांना त्याचे मोल अधिक सांगावयास नको. त्याच्याही पडद्यावर जाहिराती आहेतच. परंतु पट ओळखीचा, सोंगट्या ठळक, आणि कोणाची पाळी हे सत्तर वर्षांच्या डोळ्यांनाही दिसते.

गेल्या काही वर्षांत समाजाने आणि सरकारांनी या प्रश्नाची दखल घेतली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर नादास आजारांच्या नव्या यादीत स्थान दिले. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. चीनने २०२१ साली अठरा वर्षांखालील मुलांना आठवड्यातून तीनच तासांची मर्यादा घातली. आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. कायदा पैशांचे रक्षण करू शकतो. परंतु फुली किती मोठी असावी, डाव किती मिनिटांत संपावा, खेळ सोडताना माणसास चुटपुट लागावी की समाधान वाटावे, हे कायदा ठरवू शकत नाही. ते खेळ रचणारा ठरवितो, आणि काही अंशी आपणही ठरवितो; कारण कोणता खेळ ठेवावा आणि कोणता काढून टाकावा हे अखेर आपल्याच बोटाच्या टोकावर असते.

म्हणून एक साधी कसोटी मी आपणांपुढे ठेवतो. घरातील मुलाच्या किंवा आपल्या स्वतःच्या मोबाईलवर नवा खेळ आला, तर तो एकदा शेजारी बसून पाहावा. न शिकविता तो समजतो काय? चूक झाली तर ती आपली होती असे पटते काय? कळा दिसतात आणि बोटाखाली येतात काय? आणि मुख्य म्हणजे, आईने जेवावयास हाक मारली असता काही न गमावता तो खाली ठेवता येतो काय? पहिल्या तीन प्रश्नांना होय म्हणणारे खेळ पुष्कळ सापडतील, कारण ती विद्या आता सर्वांना साधली आहे. चौथ्या प्रश्नापाशी मात्र निवड करावी लागते.

मुंबई जवळ आली तेव्हा आजीबाईंच्या दोन सोंगट्या घरी पोहोचावयाच्या राहिल्या होत्या. नातू म्हणाला, "आजी, डाव अर्धाच राहिला की गं!" त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला आणि पिशवीची दोरी ओढीत म्हटले, "राहू दे. परतताना पुरा करू." त्या डावात काही बुडाले नव्हते. दोघेही हसत उतरले.